बेस्किदचं जन्मसाल

संत पेत्राच्या सणाला टेबल बागेत मांडायचं ही त्रोखिमची पद्धत होती, आणि तो जाऊन सहा वर्षं झाली तरी स्तेफानियाने ती मोडली नव्हती. यंदा मात्र सकाळपासून तिला वाटत होतं, टेबल घरातच मांडलं असतं तर बरं झालं असतं. भिंती असल्या की माणसं जरा खालच्या आवाजात भांडतात. बागेच्या कुंपणापलीकडे शेजारी होते, आणि यासेनिव गावाला त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. बेस्किद फुटबॉल क्लबच्या चिन्हावर कोणतं साल लिहायचं?

युक्रेन स्वतंत्र होऊन अजून वर्ष पुरं झालं नव्हतं. देशाची स्वतःची लीग निघाली होती, आणि प्रांताची स्पर्धा जिंकलेला यासेनिवचा संघ तिच्या अगदी तळच्या गटात का होईना, पण व्यावसायिक क्लब म्हणून उतरणार होता. लीगला नाव, रंग आणि चिन्ह कळवायचं होतं. नाव ठरलं होतं, हिरवा-पांढरा रंग ठरला होता. घोडं सालापाशी अडलं होतं. काहीजण म्हणत एकोणीसशे सत्तावीस, कारण त्या साली, पोलिश राज्यात, गावातल्या युक्रेनी पोरांनी चर्चच्या अंगणात शपथ घेऊन बेस्किद काढला होता. काहीजण म्हणत सत्तेचाळीस. एकोणचाळीसला सोव्हिएत फौजा आल्या आणि बेस्किद बंद झाला. युद्धानंतर लाकूड कारखान्याच्या कामगारांचा ‘लिसोरुब’ नावाचा संघ उभा राहिला, आणि तोच आजवर खेळत आला. दोन वर्षांपूर्वी फक्त त्याचं नाव पुन्हा बेस्किद झालं.

लिसोरुब उभा केला होता तो त्रोखिमने, स्तेफानियाच्या नवऱ्याने. आणि जुन्या बेस्किदमधला आजमितीला जिवंत असलेला एकमेव खेळाडू होता झेनोन, स्तेफानियाचा थोरला भाऊ. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात युद्धाची आघाडी जवळ आली तेव्हा तो पश्चिमेकडे निघून गेला होता. तो आता कॅनडाहून आला होता आणि सफरचंदाच्या झाडाखाली बसून मांद्रिकी खात होता. पेत्राच्या सणाच्या या चीजच्या टिक्क्या आईच्या हातच्यासारख्याच झाल्यात, असं तो दोनदा म्हणाला होता. तिसरं काही बोलला नव्हता.

अर्धं आयुष्य निकेलच्या खाणीत काढूनही त्याची पाठ ताठ होती. बोली अजून युद्धापूर्वीची, अगदी आईच्या तोंडची. पहिल्या दिवशी ती ऐकूनच स्तेफानियाला रडू आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिला कळलं, की हा सगळ्यांविषयी विचारतो, शेजाऱ्यांविषयी, मेलेल्या गुरांविषयीसुद्धा, पण त्रोखिमविषयी विचारत नाही. छप्पन साली त्याचं पहिलं पत्र आलं होतं. तिने उत्तरात लग्नाचं कळवलं होतं, नवरा पूर्वेकडचा, पोल्ताव्हाचा, सोव्हिएत सैन्यातून सुटून आलेला, कारखान्यात मेकॅनिक. त्यानंतर सणासुदीच्या कार्डांशिवाय कॅनडाहून काही आलं नव्हतं.

थोरला मुलगा मिरोन मामाच्या शेजारी बसला होता. तो कारखान्याचा उपसंचालक आणि वर्षभरापासून क्लबचा अध्यक्ष. पाच वाजता गावच्या सभागृहात क्लबची सभा होती, आणि तिथे मामाने उभं राहून दोन शब्द बोलावेत, मग कोणी सत्तेचाळीसचं नाव काढणार नाही, असं त्याचं आल्या दिवसापासून चाललं होतं. झेनोनने मान डोलावली होती. मिरोनची बायको दारका चेरी भरून उकडलेले वरेनिकी वाढत होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती. यातून दोघांचं बिनसलंय हे स्तेफानिया समजली.

धाकटा लेव्को सगळ्यांत शेवटी आला. तो संघाचा प्रशिक्षक. सणाचा दिवस असूनही अंगात सरावाचं जाकीट होतं. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला.

“बस आधी,” स्तेफानिया म्हणाली.

“बसतो. आई, याला विचार, मैदानाच्या फाटकावरची बाबांची पाटी कुठे गेली?”

त्रोखिम गेल्यावर वर्षभराने कारखान्याने ती पाटी लावली होती. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, ‘त्रोखिम शुल्हा मैदान’. स्तेफानिया रविवारी चर्चमधून परतताना वाट वाकडी करून तिच्याखालून जायची. आज पाहुण्यांच्या गडबडीत गेली नव्हती.

मिरोनने हातातला काटा ठेवला. फाटक रंगवायचं आहे, असं तो आधी म्हणाला. मग आईच्या तोंडाकडे बघून ते त्याचं त्यालाच पटेना. तो म्हणाला की गावात वारं कसं आहे ते कोणालाच ठाऊक नाही असं नाही. पूर्वेकडून आलेल्यांच्या नावाच्या पाट्या सगळ्या जिल्ह्यात उतरताहेत, लोक त्या उपटून नदीत फेकताहेत. “उद्या कोणी बाबांच्या नावावर चिखल मारला असता, तर मला ते बघवलं नसतं. म्हणून मीच उतरवली. माझ्या शेडमध्ये आहे. ब्लँकेटात गुंडाळून ठेवलीय.”

“बाबा ब्लँकेटात,” लेव्को म्हणाला. “उन्हाळ्याचे.”

दारकाने हातातलं भांडं खाली ठेवलं. ती काझाखस्तानात जन्मलेली. तिच्या आईवडिलांना सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात गावातून उचलून तिकडे नेलं होतं आणि वडील तिकडेच वारले होते. या घरात सोव्हिएत राज्याला शिव्या द्यायचा पहिला हक्क कोणाचा, तर तिचा. ती हळू आवाजात म्हणाली, “पाटी काढताना मला विचारलं नाहीस. आणि माझंच ब्लँकेट घेतलंस.” मग तिने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि ती लेव्कोच्या बाजूला नेऊन ठेवली. मिरोनचा चेहरा पडला. भावाच्या बोलण्याची त्याने तयारी ठेवली होती, याची नव्हती.

एवढ्या वेळात झेनोनने बोटं पुसली. “कोणाच्या मैदानावर कोणाची पाटी होती,” तो म्हणाला, “हे आधी ठरवा.”

“मामा, तुम्ही पाहुणे आहात,” लेव्को म्हणाला. “तुमच्याशी मी भांडणार नाही. पण एक सांगा. सत्तावीस लिहायचं, बाकीचं झाकून टाकायचं. मग सत्तेचाळीस ते नव्वद त्या मैदानावर कोण खेळलं? भुतं?”

मग लेव्कोने आईला सांगितलं, की सभेत सत्तावीस मंजूर झालं तर तो प्रशिक्षकपद सोडणार. संघ लीगमध्ये जाऊ दे, त्याला दुसरा कोणीतरी मिळेल. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मिरोनलाही खरं वाटलं. पहिला सामना पाच आठवड्यांवर होता, आणि त्या पोरांना लेव्कोशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकायची सवय नव्हती.

स्तेफानियाने नव्या बटाट्यांवर शेपू भुरभुरवला आणि ताट भावापुढे सरकवलं. हे सगळे क्लबविषयी बोलत होते, पण तिला दुसरंच ऐकू येत होतं. सत्तावीस की सत्तेचाळीस म्हणजे, हिने त्या माणसाशी लग्न करायला हवं होतं की नाही. तिच्या आईने तिला हेच विचारलं होतं, नीट शब्दांत आणि एकदाच. मग आई त्याच घरात, त्याच टेबलावर वर्षानुवर्षं जेवली आणि जावयाशी मांजरामार्फत बोलत राहिली. “मांजरी, त्याला सांग, सूप निवतंय.” त्रोखिम मांजरालाच धन्यवाद द्यायचा. शेवटच्या आजारात आईने त्याला नावाने हाक मारली, खिडकीपर्यंत उचलून ने म्हणाली. त्याने नेलं. त्या दिवसाविषयी दोघांपैकी कोणी नंतर अवाक्षर काढलं नाही.

जेवण झाल्यावर तिने हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली, “झेन्को, चल. सभेच्या आधी मैदान बघून येऊ. चार दिवस झाले, तू नुसता रस्त्यावरून बघतोयस.”

मुलांनी बरोबर यायची तयारी दाखवली. तिने नको म्हटलं.

मैदान नदीकाठी होतं. फाटकाच्या कमानीवर पाटीएवढा भाग बाकीच्यापेक्षा गडद दिसत होता. स्तेफानियाने वर एकदा पाहिलं आणि आत शिरली. गवत कालच कापलेलं होतं. गोलांच्या जाळ्या काढून ठेवलेल्या, आणि सणाचा दिवस म्हणून चिटपाखरू नव्हतं. झेनोन काठी टेकत डाव्या रेषेने निघाला. मधल्या रेषेपाशी तो थांबला, मागे वळला, पुन्हा पुढे बघितलं. मग त्याने वाकून, एक डोळा मिटून जमिनीचा अंदाज घेतला. गावातले सुतार घेतात तसा.

“उतार कुठे गेला?”

“काढला.”

“इथे उतार होता, स्तेफ्का. नदीकडे सगळं घसरत जायचं. सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात मला डावीकडून चढ लागायचा. ओरेस्त गोलातून ओरडायचा, झेन्को, बैल झालास का म्हणून.” तो स्वतःशीच थोडासा हसला. “कोणी काढला?”

“त्रोखिमने. दोन उन्हाळे माती वाहिली नदीकडून. कारखान्याचा भोंगा झाला की हातगाड्या निघायच्या.”

झेनोन बाकावर बसला. स्तेफानियाला गप्प राहता आलं असतं. पण आज टेबलावर जे झालं त्यानंतर तिला गप्प राहणं खोटं वाटायला लागलं. तिने त्याला सांगितलं, की जर्मनांच्या काळात हे मैदान नांगरून इथे बटाटे लावले होते, आणि युद्ध संपल्यावर नुसतं रान माजलं. त्रोखिम गावात आला तो भुकेने आला. तिकडे पूर्वेला त्या वर्षी दुष्काळ होता, माणसं भाकरीसाठी इकडे येत होती. कारखान्यात त्याला काम मिळालं. मग तो जुनं मैदान कुठून कुठवर होतं ते विचारत दारोदार फिरायला लागला. कोणी सांगेना. लोक म्हणत, आम्हाला माहीत नाही. सगळ्यांना माहीत होतं. गावाला न बोलण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, म्हणून गाव बोलत नव्हतं.

“आपल्याही दारात आला. आईने तोंडावर दार लावलं. मी मागच्या दाराने गेले.”

“कुठे गेलीस?”

“इथे. त्याच्याकडे खुंट्या होत्या. मी चालत गेले आणि जिथे कोपरा होता तिथे उभी राहिले. तो खुंटी ठोकायचा. मग पुढच्या कोपऱ्यावर. चारही दाखवले.”

झेनोनने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. “ओरेस्तला याच मैदानावरून उचलून नेलं,” तो म्हणाला. “सरावातून. अंगात आपला सदरा होता. मी त्या टोकाला उभा होतो. आणि तू त्यांना कोपरे दाखवलेस.”

“त्यांना नाही. एका माणसाला. तो खुंट्या घेऊन आला होता, बंदूक घेऊन नाही.”

“टोपी कोणती होती डोक्यावर? लाल ताऱ्याची?”

“टोपी नव्हती. केसही फारसे नव्हते.”

तो हसला नाही. ती त्याच्या शेजारी बसली, आणि इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलेलं वाक्य नेमकं आता तिला आठवेना. म्हणून जे आलं ते बोलली. “तू गेला होतास, झेन्को. मी दोष देत नाही, राहिला असतास तर तुलाही नेलं असतं. पण तू गेला होतास. ओरेस्त नव्हता. तुमच्यातलं कोणीच नव्हतं. संध्याकाळ झाली की गावात कुत्र्यांशिवाय आवाज नसायचा. मी सव्वीस वर्षांची होते. मला या मैदानावरून कोणीतरी ओरडलेलं ऐकायचं होतं. कोणत्या नावाने खेळतात याची मी पर्वा केली नाही. करायला हवी होती, असं आई म्हणायची. असेलही.”

नदीपलीकडे कोणाच्या तरी अंगणात सणाचं गाणं सुरू होतं. ते संपल्यावर झेनोन सांगू लागला ते भलतंच काहीतरी, असं तिला आधी वाटलं. खाणीच्या गावात पळून आलेली इकडची माणसं बरीच होती. त्यांनी तिथेही बेस्किद काढला होता. तेच नाव, तोच हिरवा-पांढरा सदरा, बायकांनी घरी शिवलेला. रविवारी ते इटालियनांशी खेळायचे, फिनिश लोकांशी खेळायचे, आणि सामन्याआधी उभं राहून इकडच्या, नेलेल्या खेळाडूंची नावं वाचायचे. ओरेस्तचं नाव तो स्वतः वाचायचा. मग त्यांची मुलं मोठी झाली आणि बर्फावरच्या हॉकीला गेली. एका वसंतात अकरा माणसं जमली नाहीत. पुढच्या वसंतात कोणी बोलावलंही नाही.

“सदरे माझ्या तळघरात आहेत,” तो म्हणाला. “बायको असेपर्यंत दर वर्षी उन्हात घालायची. माझ्याकडे नाव होतं, स्तेफ्का. सगळंच्या सगळं नाव. पोरं नव्हती.”

तिने त्याच्या बाहीवरचं गवत झटकलं. तिथून सभागृहापर्यंत चालताना त्याने तिच्या खांद्याचा आधार घेतला. मैदानाकडे येताना घेतला नव्हता.

सभागृह भरलं होतं. खिडक्या उघड्या होत्या तरी आत उकाडा होता, आणि सणाचं जेवण करून आलेले पुरुष लाल तोंडाने एकमेकांचं बोलणं तोडत होते. मिरोन टेबलामागे उभा होता. दारका नेहमीसारखी पहिल्या रांगेत न बसता लेव्कोबरोबर भिंतीशी उभी होती, आणि मिरोनची नजर दर मिनिटाला तिकडे जात होती.

आधी दमियान कोत्स्युबा बोलला. तो ओरेस्तचा मुलगा, निवृत्त वनरक्षक, एरवी कधी तोंड न उघडणारा. तो उभा राहिला तसे सगळे गप्प झाले.

“माझ्या बापाला त्या मैदानावरून नेलं,” तो म्हणाला. “तो परत आला नाही. पुढे तिथेच बँड लावून सामने झाले. आणि मी, ओरेस्तचा पोरगा, कुंपणावर बसून टाळ्या वाजवायचो. गावात दुसरं काही नव्हतं. मला त्याची अजून लाज वाटते. सत्तावीस लिहा. मधलं काही नको.”

टाळ्या पडल्या, बऱ्याच पडल्या. लेव्को भिंतीपासून पुढे आला आणि म्हणाला, मधलं काही नको म्हणजे मग मीही नको, या सभागृहातली अर्धी माणसं नकोत. त्यावर गोंधळ झाला. कोणी त्याला पूर्वेकडच्याचं पोर म्हणालं, कोणी म्हणणाऱ्याला ढकललं. मिरोनने टेबलावर हात आपटून मामाचं नाव पुकारलं.

झेनोन उठला. लोकही उठले, टाळ्या वाजवायला लागले. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. तो टाळ्या थांबेपर्यंत थांबला आणि म्हणाला, “आधी माझी बहीण बोलेल. कोपरे तिला माहीत आहेत.”

कोणाला काही समजलं नाही. स्तेफानियाला समजलं. आयुष्यात ती कधी सभेत बोलली नव्हती. टेबलापर्यंत न जाता ती जागेवरच, पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि मैदानावर भावाला सांगितलं तेच तिने सांगितलं, बटाटे, बंद दारं, खुंट्या. तिच्या वयाच्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. त्यांच्या दारातही तो तेव्हा गेला होता.

“माझ्या नवऱ्याने हा क्लब काढला नाही,” ती म्हणाली. “माझ्या धाकट्याला हे आवडणार नाही, पण नाही काढला. कारखान्यामागे सपाट, कुंपण घातलेली जागा होती. संचालक तीच घे म्हणत होता. ती घेतली असती तर तो नवा क्लब झाला असता, आणि आज त्याचं साल वेगळं असतं. याने ती घेतली नाही. जुनं कुठे होतं ते विचारत फिरला. का, ते मी त्याला पुढे विचारलं. म्हणाला, खेळलेल्या जमिनीवर चेंडू बरा उडतो. थट्टा करत होता बहुतेक. पण नवं काही काढणारा माणूस असा दारोदार विचारत फिरत नाही. कोणाचं तरी बंद पडलेलं चालू करायचं असेल, तोच फिरतो.”

लेव्को तिच्याकडे टक लावून बघत होता.

“तेव्हा सत्तावीसच लिहा. माझा हात सत्तावीसला. पण मग पुरतं मोजा. आपलं वय सांगताना कोणी वाईट वर्षं वजा करून सांगत नाही.” ती दमियानकडे वळली. “आणि तुझ्या टाळ्याही त्यात धर, दमियान. तू तुझ्या बापाच्याच क्लबला वाजवत होतास.”

ती बसली. टाळ्या झाल्या नाहीत. लोकांना कळेना, कोणाची बाजू जिंकली. झेनोन अजून उभाच होता.

“मी सत्तावीससाठी आलो होतो,” तो म्हणाला. “सत्तावीसच म्हणतो. तिने सांगितलं तसं.” मग त्याला आणखी काही आठवलं. “आमच्या वेळी मैदानाला उतार होता. आता नाहीये. मला त्यावर एकदा पळायला आवडलं असतं.”

मिरोनने ठराव तोंडी मांडला. बेस्किद, स्थापना एकोणीसशे सत्तावीस. सत्तेचाळीस ते नव्वद लिसोरुब या नावाने खेळला. तो काळ, ते सामने आणि ती माणसं क्लबचीच. शेवटचं वाक्य त्याने पुन्हा एकदा म्हटलं. हात वर होऊ लागले, आधी म्हाताऱ्या बायकांचे, मग बाकीच्यांचे. लेव्कोने हात खिशातून काढला, थोडा वेळ तसाच धरला, आणि वर केला.

दमियानने केला नाही. तो टोपी घेऊन बाहेर गेला. स्तेफानियाला राग आला नाही. त्याचा बाप ठरावाने परत येणार नव्हता, आणि तिचं बोलणं त्याला पटलंच पाहिजे असा काही नियम नव्हता.

बाहेर उन्हं कलली होती. दोघं भाऊ पायऱ्यांवर एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहिले. लहानपणी मारामारी झाल्यावरही ते असेच उभे राहायचे. लेव्को म्हणाला, सराव उद्या सकाळी नेहमीच्याच वेळेला. मिरोन म्हणाला, बरं. मग तो आईला म्हणाला की पाटी उद्याच परत लावतो.

“नको,” स्तेफानिया म्हणाली. “गावातलं कोणीतरी विचारू दे, पाटी कुठे गेली म्हणून. मग लाव.”

“आणि कोणी विचारलंच नाही तर?”

“तर तुम्ही दोघांनी मिळून लावा. घाई काय आहे?”

“घाई मला आहे,” दारका म्हणाली. “थंडीच्या आत मला माझं ब्लँकेट हवंय.” आणि तिने नवऱ्याच्या कोटाची कॉलर नीट केली. दिवसभरात पहिल्यांदाच तिने त्याला हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर झेनोनने हॅट घेतली आणि दारात उभा राहून विचारलं, “तो कुठे आहे?” कोण, ते स्तेफानियाने विचारलं नाही.

दफनभूमी चर्चच्या मागच्या टेकाडावर होती. वाटेत चेरीच्या फांद्या ओझ्याने रस्त्यावर आल्या होत्या आणि पिकलेली फळं पायाखाली येत होती. तिने त्याला लांबून त्रोखिमच्या कबरीचा दगड दाखवला आणि स्वतः दोन ओळी अलीकडे, आईच्या कबरीपाशी थांबली. तिथलं गवत उपटायला झालंच होतं. गुडघे टेकून ती कामाला लागली, पण कान तिकडेच होते.

झेनोनने हॅट काढली. काठी डाव्या हातात घेतली, कोटाचं बटण लावलं.

“मी झेनोन,” तो म्हणाला. “स्तेफ्काचा भाऊ.”

बहिणीच्या घरी पहिल्यांदाच आलेला भाऊ आतून कोणी ‘या’ म्हणायची वाट बघत दारात थांबतो, तसा तो तिथे उभा राहिला.